नॉर्वेजियनचा जोर: जरा थांबा

"नॉर्वेजियन शब्द कितीही लांब असो, जोर कायम पहिल्या अक्षरावर" असं एक फॉरवर्ड फिरतंय, ते अर्धवट आहे. जोडशब्दात उच्चाराचा मुख्य जोर साधारणपणे पहिल्या *शब्दावर* येतो, आणि त्या शब्दात तो मुळात जिथे असेल तिथेच राहतो. उदा. 'उनिव्हर्सितेत्सबिब्लिओतेक' म्हणजे विद्यापीठाची लायब्ररी, इथे मुख्य जोर 'तेत्स'वर, 'उ'वर नाहीच, आणि दुय्यम जोर शेवटच्या 'तेक'वर. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर जोडावर तोडतात, दोन शब्दांना जोडणारा मधला 'स' आधीच्या तुकड्याकडे जातो. आणि हो, जोडशब्द सुटे लिहू नका हं, 'रॉयकफ्रित्त' म्हणजे धूम्रपानमुक्त, पण 'रॉयक फ्रित्त' म्हणजे खुशाल सिगरेट ओढा!