शिष्य पाहिजेत, अनुभवाची अट नाही

ड्रॅगन मारणं सोपं आहे बे. रात्रीची जागरणं, बऱ्यापैकी इंटरनेट आणि बायकोचं दुर्लक्ष, एवढं जमलं की माणसाची लेव्हल वाढत जाते. पण लेव्हल वेगळी आणि रँक वेगळी, हे मला गेम डाउनलोड करताना कोणी सांगितलं नव्हतं. लेव्हल कॉम्प्युटर देते, रँक माणसं देतात, आणि एकदा माणसं आली की मग अर्ज, शिफारस, सही, शेरा, "साहेब रजेवर आहेत", हे सगळं मागोमाग आलंच.

आमचं गिल्ड, म्हणजे ऑनलाइन गेममधली आमची टोळी, रोलप्लेवालं आहे. म्हणजे तिथं तुम्ही तुम्ही नसता, तुमचं कॅरेक्टर असते, आणि त्याच्याच तोंडून बोलायचं, त्याला म्हणतात आयसी. मधेच "थांबा हो, दूध उतू गेलं" असं लिहायचं असलं तर ते ओओसीमध्ये, कंस टाकून. माझं कॅरेक्टर हिमशिखरांवरून आलेला मौनव्रती योद्धा आहे. बर्फातला काहून, तर मी तो मे महिन्यात बनवला. ज्या नागपुरात २०१३ साली पारा ४७.९ ला जाऊन आला तिथला माणूस कॅरेक्टर वाळवंटातलं थोडीच घेईल. आणि मौनव्रती याच्यासाठी की माझं इंग्रजी टायपिंग चालते, पण बैलगाडीच्या स्पीडनं चालते.

रँकची शिडी अशी की सगळ्यात खाली उमेदवार, मग शिष्य, मग पारंगत, मग गुरू, आणि सगळ्यात वर पाच जणांचं मंडळ, जे मी आजवर ऑनलाइन पाहिलेलं नाही पण त्यांचे नियम रोज पाहतो. एकाही पायरीवर तुम्ही आपल्या मनानं चढू शकत नाही. उमेदवाराला कोणीतरी शिष्य म्हणून पदरात घ्यावं लागते, मग त्या गुरूनं शिकवायचं, परीक्षा घ्यायच्या, रिपोर्ट टाकायचा, वरच्यांनी तो वाचायचा, आणि मग तुमच्या नावापुढचा शब्द बदलते. शब्दच फक्त. तलवार तीच, चप्पल तीच.

ह्या सगळ्या गेमांचा आजोबा म्हणजे मड. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या पोट्ट्यानं सुरू केला आणि मग रिचर्ड बार्टलनं पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. त्यात म्हणे खजिना शोधायचा, दलदलीत नेऊन टाकायचा, की पॉइंट जमा. पॉइंट वाढवत वाढवत एक दिवस माणूस थेट विझार्ड, मग त्याला गेम चालवायचेच अधिकार. मधे कोणाची शिफारस नाही, कोणाचा रिपोर्ट नाही. दलदलीनं कधी कोणाला "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं नसेल. सुखी लोक होते.

मला गुरू मिळाले ते ब्राझीलचे. व्यवसायानं दातांचे डॉक्टर, गेममध्ये तीनशे वर्षांचे ऋषी. माणूस देव, पण दवाखाना बंद करून, जेवून, रात्री आठला ते शिकवायला बसणार, आणि त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. त्या वेळेला आमच्या त्रिमूर्तीनगरात जागे कोण, तर मी, कुत्रे आणि नळ. नळाचं टायमिंग आणि गुरूंचं टायमिंग बरोब्बर एक. पहिला धडा होता धबधब्याखाली ध्यान. तिथं नुसतं कॅरेक्टर बसवून चालत नाही, श्वास कसा चालला, पापणी कशी हलली, हे वाक्यावाक्यानं लिहावं लागते, त्याला इमोट म्हणतात. मी एक इमोट टाकला, "तो डोळे मिटतो", आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, पाणी आलं, मोटर लावा!" मग मोटर, मग टाकी, मग दोन ड्रम, मग कूलरमध्ये पाणी, कारण कूलर रात्रभर चालून कोरडा पडला होता. घामाघूम होऊन परत येतो तर स्क्रीनवर धबधबा तसाच पडून राहिला आणि खाली गुरूंनी लिहिलेलं, "इतकी निश्चल शांतता मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, बाळा."

मी काय बोलणार. मौनव्रत होतं ना.

तिथून माझं चांगलं नाव झालं. हा शिष्य प्रश्न विचारत नाही, हा घाई करत नाही, ह्याला विचारलं तर हा आधी बराच वेळ चिंतन करतो. चिंतन कसलं, मी डिक्शनरी पाहून राहिलो होतो. फक्त द्वंद्वयुद्धाची परीक्षा तेवढी अवघड गेली, कारण सर्व्हर अमेरिकेत आणि मी नागपुरात, पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायचा वेळ, एवढा की गुरूंची तलवार मला दिसायची तेव्हा मी मरून थोडा वेळ झालेला असायचा. पण त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की शिष्य पराभव अत्यंत शांतपणे स्वीकारतो. म्हटलं ना, माणूस देव.

रिपोर्ट त्यांनी लिहिला, पण टाकला नाही. मधे कार्निव्हल आला. आता दाताच्या डॉक्टरला कार्निव्हलात काय काम असते मला माहीत नाही, पण ते गेले आणि माझा रिपोर्ट ड्राफ्टमध्ये पडून राहिला. मी रोज लॉगिन करून त्यांच्या रिकाम्या गुहेसमोर उभा. आयसीमध्ये त्याला तपश्चर्या म्हणतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून करतात ती हीच, फक्त तिथं बाकडं असते.

शेवटी झालो पारंगत. आणि त्या दिवशी नियमाची पुढची ओळ वाचली. गुरू व्हायचं असेल तर स्वतःचे तीन शिष्य पारंगत करून दाखवा.

मी पोटापाण्यासाठी हिशेबाचंच काम करतो, त्यामुळे माझं डोकं लगेच चाललं. मला तीन पाहिजेत, त्या तिघांना तीन-तीन, त्या नवांना सत्तावीस. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एकविसाव्या पिढीला १,०४६ कोटी शिष्य लागतात आणि जगाची लोकसंख्या आहे ८०० कोटींच्या आसपास. त्यात तान्ही बाळं आणि माझी आत्या पण धरली. म्हणजे हे सरळसरळ ते साबण-पावडरवालं चेन मार्केटिंग झालं, "भाऊ, तू फक्त खाली तीन माणसं जोड, बाकी सिस्टीम करते." फरक एवढाच की तिथं निदान घरात साबण तरी येतो.

बरं हे आमच्याच गिल्डचं येडपण आहे असंही नाही. फायनल फॅन्टसी फोर्टीन नावाच्या ऑनलाइन गेममध्ये मेंटॉर, म्हणजे नवशिक्यांचा वाटाड्या, झालं की नावापुढे मुकुट येते आणि नवीन माणसाच्या नावापुढे हिरवा कोंब. लढाईवाला मुकुट पाहिजे तर हजार मोहिमा पूर्ण करा, वरून अनोळखी खेळाडूंकडून दीड हजार शाबासक्या मिळवा, आणि ती शाबासकी एका मोहिमेनंतर एकाला एकदाच देता येते, सोबत आणलेल्या मित्राला देऊन चालत नाही. मग मेंटॉर म्हणून दोन हजार वेळा लॉटरीनं येईल त्या मोहिमेत मदतीला गेलं की अ‍ॅस्ट्रोप नावाचं वाहन मिळते. आता तुम्हीच सांगा, दोन हजार वेळा मदत करणाऱ्याच्या डोक्यात नवशिक्याचं कल्याण असेल का वाहन? माझं मत वाहन. पण मला त्या लोकांचा राग येत नाही, हेवा वाटते. त्यांना गेमच शिष्य आणून देते, समोर कोंब उगवलेलाच असते. आम्हाला आपला आपला शोधा.

पहिली मिळाली एक वनकन्या. कुठल्या देशाची देव जाणे. शिकायची फार तळमळ. तिला मी माझ्या पैशानं चिलखत घेऊन दिलं, घोडा दिला, नदीकाठी बसवून धीर-संयमावर प्रवचन दिलं, म्हणजे तीन वाक्यं दिली, पण विचार करून दिली. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या गिल्डमध्ये. घोड्यासकट.

मग मी गावात फिरलो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोट्ट्याला कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खायला नेलं. त्यानं दोन प्लेट खाल्ल्या, वर एक्स्ट्रा तर्री मागितली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणे, "काका, आपण बीजीएमआयवाले, मोबाइलवरच्या बंदुकीवाल्या गेमचे. तिथं गुरू-बिरू नसते. उतरा आन मरा." ऑफिसातल्या एकाला विचारलं, तो म्हणाला, शिकून प्रमोशन मिळते का? म्हटलं मिळते. पगार? म्हटलं नाही. तो म्हणे, ते तर इथंच चालू आहे. फुटाळ्यावर मॉर्निंग वॉकचा जो ग्रुप आहे त्यांच्यातही विषय काढून पाहिला, पण त्यांना वाटलं मी कोणत्या महाराजांचं करून राहिलो, दोघांनी तर सत्संग कितीला असते तेही विचारलं.

मग साळा आठवला. माझा साळा हिंगणा रोडवर इंजिनीअरिंगला, हॉस्टेलला राहते, आणि भाऊजींचा शब्द मोडायचा नाही एवढे संस्कार त्याच्यावर अजून होते. पंधरा मिनिटांत पोट्टं लॉगिन. मी त्याला सगळं मन लावून शिकवलं बरं. आयसी-ओओसी शिकवलं, गॉडमोडिंग करायचं नाही शिकवलं, म्हणजे "मी तुझं डोकं उडवलं" असं आपणच लिहून मोकळं व्हायचं नाही, वार आपण लिहायचा आणि तो लागला का नाही हे समोरच्यानं ठरवायचं. मेटागेमिंग नाही, म्हणजे जे तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं ते कॅरेक्टरला कळलं असं धरायचं नाही. हे शेवटचं त्याला जड गेलं, कारण त्याचं कॅरेक्टर भर दरबारात म्हणालं, "गुरुदेव, ताई म्हणत होती गॅस संपला."

पण पोट्टं हुशार. पारंगत झालं, माझ्या खात्यात एक शिष्य जमा, मी खूश. आणि मग त्यानं हॉस्टेल पाहिलं. हॉस्टेलात काय कमी आहे? परीक्षा संपलेली, मेस बेकार, वायफाय फुकट. त्यानं आपल्या मजल्यावरून तीन उचलले, ते एकाच खोलीत बसून रात्रंदिवस खेळले, ना पिंगचा फरक ना वेळेचा, आणि मी माझ्या दुसऱ्या शिष्याच्या शोधात असतानाच माझा साळा गुरू झाला.

इथपर्यंत ठीक होतं. कौतुकच केलं मी. पण नियमावलीत एक कलम आहे की पारंगतांचा मासिक रिपोर्ट त्यांच्या टाइम झोनमधल्या गुरूनं तपासायचा. भारताच्या टाइम झोनमध्ये गुरू एकच. रिपोर्ट देताना गुरूसमोर गुडघे टेकायचे आणि तो इमोट लिहायचा, "तो नतमस्तक होतो". गुरूनं "ऊठ" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. आमचे साळेसाहेब एकदा "ऊठ" म्हणायच्या आधी चहा प्यायला खाली गेले. मी बर्फात गुडघ्यावर. बायको मागून पाहून राहिली. म्हणे, "हा माझा भाऊ ना? अन् हे खाली वाकलेले तुम्ही? मग स्क्रीनशॉट काढा ना."

अशात आला अधिक महिना. आता धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, हे मी सांगायला नको. मानेवाड्याला सासरी गेलो. पाट, रांगोळी, औक्षण, पुरणाचे धोंडे, तुपाची धार, ताटाशेजारी तेहतीस अनारसे. सासूबाई वाढून राहिल्या, सासरे हात जोडून "घ्या ना जावईबापू" करून राहिले, आणि समोर पंगतीत साळा. गडी दुसरा धोंडा फोडता फोडता हळूच म्हणते, "भाऊजी, तुमचा रिपोर्ट नाही आला अजून. लेट मार्क लागते."

सासरे रिटायर्ड हेडमास्तर. "रिपोर्ट" आणि "लेट मार्क" ऐकल्यावर त्यांचे कान टवकारले. काय प्रकार आहे म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी सांगितलं, एकमेकांचं वाक्य तोडून तोडून. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे जावईबापूंना दोन विद्यार्थी कमी पडून राहिले, एवढंच ना? मी रिकामाच आहे की."

साळा एका सेकंदात, "बाबा, तुम्ही माझ्याकडे या. मी गुरू आहे, हे नुसते पारंगत आहेत."

आणि खरं सांगतो, मी हरलोच होतो. पोरगा पोटचा, वरून रँकनं मोठा. पण सासूबाई तुपाचं भांडं हातात धरून तिथंच थांबल्या आणि मुलाला म्हणाल्या, "अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणत असतात का रे? अनारसे दिले तसे हे पण दे. वाणात."

असे माझे सासरे मला वाणात मिळाले. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून त्यांचं खातं काढून दिलं, कॅरेक्टर त्यांनी वृद्ध पंडित घेतलं, चष्मा असलेलं. गुरू म्हणून मी धबधब्यापाशी उभा राहिलो आणि पहिला धडा लिहायला घेतला, तर त्यांनी चश्म्यातून माझा इमोट वाचला, त्यातल्या स्पेलिंगच्या दोन चुका दाखवल्या, आणि मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "ते ध्यानबिन नंतर करू. आधी सांगा, पासिंग कितीला आहे?"