भरती, ओहोटी आणि दुतोंड्या मारुती

नाशिककराला पाण्याची पातळी मीटरमध्ये समजत नाही. गंगेला पूर आला की आम्ही फोनवर एवढंच विचारतो, "मारुतीला कुठपर्यंत?" समोरचा म्हणतो, "कमरेला." मग आम्ही चहा ठेवतो. छातीपर्यंत आलं म्हटलं तर चहा अर्धा टाकून बघायला निघतो. २०१९ च्या ऑगस्टात रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला, तेव्हा आमचं मापच संपलं. (गंगा म्हणजे गोदावरी. बाहेरगावच्यांना हे सांगावं लागतं.)

अशा माणसाने खंबातच्या आखाताकाठी कॅराव्हॅन घेऊन जाऊ नये. पण मेहुण्याने कुठेतरी वाचलं, की भावनगरला भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. त्याहून मोठी भरती कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात, सोळा मीटरपर्यंत. कॅनडाच्या तिकिटांचे दर बघून झाल्यावर भावनगर ठरलं.

भाड्याची गाडी सोसायटीच्या फाटकातून आत येईना. ती रस्त्यावरच उभी राहिली आणि अख्खी सोसायटी खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टेबलाचा पलंग करून बघितला आणि त्यावर पाच मिनिटं पडूनही घेतलं. काकूंनी संडासाचं दार उघडलं, "अगंबाई" म्हणाल्या आणि लावून टाकलं. पाण्याची टाकी शंभर लिटरची आहे, असं मी जरा ऐटीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे जावईबापूंची एक अंघोळ."

संडासाखाली एक पेटी असते. ती भरली की कुणीतरी ओढून काढायची आणि रिकामी करायची. हा 'कुणीतरी' कोण, ते सापुताऱ्याच्या घाटात ठरलं. माझ्या गैरहजेरीत नव्हे, मी स्टिअरिंगवर होतो एवढंच. मग मी गुजरातेतला एकही पेट्रोल पंप सोडला नाही. प्रत्येक पंपावर सगळ्यांना उतरवलं, लागली असो वा नसो. पेटी शेवटपर्यंत कोरी राहिली. या प्रवासातलं माझं यश तेवढंच.

तिसऱ्या दिवशी कोळियाक. इथे समुद्रात निष्कलंक महादेव आहे. भरतीला पाण्याखाली जातो, वर फक्त ध्वज दिसतो. ओहोटीला चालत जाऊन दर्शन घ्यायचं. पांडवांनी गोत्रहत्येचं पाप इथे धुतलं म्हणतात, म्हणून पाच शिवलिंगं. तीन दिवस पाच नातेवाईक एका गाडीत कोंबल्यावर पांडवांबद्दल मला फार आपुलकी वाटू लागली होती.

ओहोटी कधी, हे मी मोबाइलवर बघत होतो. सासूबाईंनी फोन खाली ठेवायला लावला. त्यांचं माहेर हर्णैचं. "तिथीची पाऊणपट करायची, तीच भरतीची वेळ. आज वद्य चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. यात बघायचंय काय?"

नऊला आम्ही हार, नारळ आणि दूध घेऊन किनाऱ्यावर उभे. समोर पाणीच पाणी, आणि लांब एक ध्वज.

"मारुतीला कुठपर्यंत म्हणायचं हे?" मेहुण्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

चहावाल्याला सासूबाईंचा हिशेब सांगितला, तर तो हसला. "ए तो मुंबईनो टाइम, बा. अहीं पाणी मोडुं आवे." खरंच होतं ते. भरतीची लाट आखाताच्या रुंद तोंडातून आत शिरते आणि वर सरकत इथे पोहोचायला तिला काही तास लागतात. वर आखात चिंचोळं आणि उथळ, म्हणून नरसाळ्यात ओतल्यासारखं पाणी चढतं. हर्णैचा हिशेब हर्णैला बरोबर. पण हे सासूबाईंना कोण सांगणार? त्या म्हणाल्या, "समुद्र चुकलाय."

समुद्र सुधारेपर्यंत तीन तास गाडीत काढले. वीज जोडलेली नाही म्हणून एसी बंद, पलंग केला तर टेबल नाही, टेबल केलं तर सासरे आडवे कुठे होणार. पुढे अलंगला उधाणाच्या भरतीत जुनी जहाजं किनाऱ्यावर चढवून तोडतात, असं मेहुणा सांगत होता. बायको घाम पुसत म्हणाली, "अहो, ही गाडी घेतील का ते?"

बाराच्या पुढे वाट उघडली. चिखलातून, घसरत, एकमेकांना धरत दर्शन झालं. परतताना सासूबाई पाय धुवायला रेंगाळल्या आणि मी मागे बघत "पाणी घोट्याला आलं! घोट्याला!" असा ओरडत सुटलो. ते कुणीतरी सांडलेलं अभिषेकाचं पाणी होतं, हे किनाऱ्याला लागल्यावर कळलं.

ही गोष्ट हिवाळ्यातली. परवा गंगापूर धरणातून पाणी सोडलं. सासूबाई आमच्याकडेच होत्या. मी स्कूटर गोदाघाटावर लावून आलोय म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज षष्ठी. साडेचारला भरेल."

नदीला भरती नसते, हे मला शाळेपासून माहीत आहे. चार वाजता जाऊन स्कूटर काढून आणली.