आठ स्टेप पुरतात का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

पहिला हार्डवेअर सीक्वेन्सर (सिंथेसायझरकडून ठरवलेले स्वर क्रमाने, पुन्हा पुन्हा वाजवून घेणारे यंत्र) निवडण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण परखड आणि मुद्देसूद लिहिले, त्याबद्दल आभार. आपला पहिला आक्षेप असा, की प्रत्येक स्टेपला, म्हणजे त्या क्रमातल्या प्रत्येक घराला, स्वतंत्र नॉब असलेला आठ स्टेपचा सीक्वेन्सर आधी घ्यावा हा माझा सल्ला निव्वळ जुन्या यंत्रांच्या ओढीतून आलेला आहे. दुसरा, की आठ स्टेपची आवर्तने काही मिनिटांत कंटाळवाणी होतात. तिसरा, की लॅपटॉप, व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथेसायझरचे मोफत सॉफ्टवेअर आणि डीसी-कपल्ड (सिंथेसायझर चालवणारे स्थिर व्होल्टेजही बाहेर देणारा) ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर हव्या तितक्या स्टेप आणि हवी तितकी मेमरी मिळत असताना वेगळ्या यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या आक्षेपातला तांत्रिक भाग मला मान्यच आहे. एक्स्पर्ट स्लीपर्सच्या ईएस-८ सारख्या इंटरफेसमधून निघणारे व्होल्टेज ऑडिओच्या सॅम्पलइतके नेमके असते आणि यूएसबी मिडीतला (स्वरांच्या सूचना संगणकातून वाद्याला पाठवण्याच्या पद्धतीतला) वेळेचा डळमळीतपणा त्यात येत नाही. घरी बसून रचना बांधणाऱ्याने हाच मार्ग धरावा. परंतु माझ्या लेखाचा रोख वेगळा होता. पॅटर्न चालू असताना आपल्याला त्यात नेमके काय बदलायचे आहे, हे आधी ठरवावे आणि त्यावरून सीक्वेन्सर निवडावा. स्टेपची संख्या हा नंतरचा प्रश्न आहे. एका हाताने तिसऱ्या स्टेपचा स्वर उतरवत असतानाच दुसऱ्या हाताने सहाव्या स्टेपचा गेट (स्वर वाजू देणारा संकेत) बंद करणे माऊसने साधत नाही. मिडी कंट्रोलर जोडून ते साधता येते, हे खरे. पण मग सीक्वेन्सरचे पटल आपण विकत घेतलेलेच असते, फक्त ते लॅपटॉपवाचून चालत नाही.

आता आठ स्टेपच्या कंटाळ्याविषयी. मूगच्या ९६० सीक्वेन्सरमध्ये आठ स्टेपच्या तीन ओळी असत आणि ९६२ हा स्विच जोडून त्या एकापुढे एक वाजवल्या तर २४ स्टेप मिळत. सत्तरच्या दशकात टॅन्जरिन ड्रीम या जर्मन बँडने तसल्याच आखूड सुरावटींवर दीर्घ रचना उभ्या केल्या. मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर राग वाजवले, तेव्हाही टीबी-३०३ च्या एका पॅटर्नची मर्यादा १६ स्टेपचीच होती. लांबी येते ती बदलातून. आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोमध्ये सुरावटीचे दोन स्वतंत्र सीक्वेन्सर आहेत. एकाची लांबी सात आणि दुसऱ्याची आठ ठेवली, तर दोघे पुन्हा एकत्र सुरुवातीला येतात ते ५६ स्टेपनंतर.

इंटेलिजेलच्या मेट्रोपोलिस या सीक्वेन्सरचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. त्यात स्टेज (म्हणजे स्टेपच) आठच आहेत, परंतु प्रत्येक स्टेज किती पल्स (लयीचे ठोके) टिकावी हे १ ते ८ यांपैकी निवडता येते, म्हणजे आवर्तन ६४ पल्सपर्यंत वाढते. एका पल्सला एक मात्रा धरली, तर रूपकाचे ३-२-२ हे विभाग तीन स्टेजमध्ये आणि झपतालाचे २-३-२-३ चार स्टेजमध्ये जसेच्या तसे बसतात. वाजवता वाजवता रूपकातल्या पहिल्या स्टेजची सरकपट्टी ३ वरून ४ वर नेली, की आवर्तन आठ मात्रांचे होते आणि सात मात्रांवर चाललेल्या ड्रम मशीनची सम सुटते. हे मुद्दाम करता येणे हीच त्या यंत्राची खरी ताकद आहे. मात्र समेवर परतण्यासाठी रीसेटची (सीक्वेन्सरला पहिल्या स्टेजवर परत आणणारी) तार जोडलेली असायला हवी. ६४ स्टेपच्या पडद्यावर हाच बदल करायचा, तर पुढच्या सगळ्या नोंदी एकेक घर सरकवाव्या लागतात.

क्वांटायझरच्या (व्होल्टेज जवळच्या ठरलेल्या स्वरावर नेऊन बसवणाऱ्या सोयीच्या) प्रश्नाला आपण एका वाक्यात निकालात काढले आहे, त्यावर मात्र मी थांबणार आहे. सप्तकाला एक व्होल्ट या मापात एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. पाच व्होल्टचा पल्ला असलेला नॉब साधारण ३०० अंश फिरतो असे धरले, तर एका अर्धस्वराच्या वाट्याला जेमतेम ५ अंश येतात आणि बोट जरा हलले की स्वर बेसूर होतो. तोच पल्ला एक व्होल्टवर आणला, तर त्याच ५ अंशांत २० सेंट (अर्धस्वराचा पाचवा भाग) मिळतात. म्हणजे कोमल रिषभ कानाने हवा तेवढा उतरवून लावता येतो. बारा समान स्वरांना बांधलेल्या सीक्वेन्सरमध्ये ही सोय उरत नाही. म्हणून क्वांटायझर असावा, पण तो बंदही करता यावा. डोएफरच्या ए-१५५ या सीक्वेन्सरमध्ये तो नाहीच, हवा तर ए-१५६ हे वेगळे मॉड्यूल घ्यावे लागते. कॉर्गच्या एसक्यू-१ मध्ये व्होल्टेजचा पल्ला निवडता येतो आणि स्वर मोकळे ठेवायचे की मेजर, मायनर वा क्रोमॅटिकमध्ये बांधायचे, हेही ठरवता येते.

मेमरीबाबत आपले म्हणणे योग्य आहे. एकामागून एक अनेक रचना मंचावर सादर करायच्या असतील, तर ए-१५५ चे सोळा नॉब दोन रचनांच्या मध्ये पुन्हा लावत बसणे शक्य नाही. तिथे बीटस्टेप प्रोच घ्यावा.

आपल्याकडे ८४ एचपीची (एचपी हे युरोरॅक या मॉड्युलर पद्धतीतले रुंदीचे माप) एकच ओळ, तीत एक आवाज (एका वेळी एकच स्वर वाजवणारा सिंथ), आणि शेजारी व्होल्का बीट्स हे कॉर्गचे ड्रम मशीन आहे, असे आपण लिहिले आहे. ए-१५५ त्यातले ५० एचपी खाईल, त्यामुळे तो बाद. माझ्या मते आपण एसक्यू-१ घ्यावा, कारण तो पेटीबाहेर राहतो आणि व्होल्काशी सिंकच्या (लय जुळवणाऱ्या) एका तारेने जुळतो. व्होल्का दर मात्रेला दोनच पल्स देतो, त्यामुळे पल्समागे एक स्टेप सरकणारे युरोरॅक सीक्वेन्सर त्यावर दर मात्रेला दोनच स्टेप वाजवतात आणि आपल्याला अपेक्षित असलेल्या चार स्टेप मिळत नाहीत. तेव्हा एसक्यू-१ चे सिंक आउट व्होल्काच्या सिंक इनमध्ये द्यावे आणि लयीचा ताबा एसक्यू-१ कडेच ठेवावा.