पेटीचा भाता

चर्चची उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवायची सभा, रविवारी संपली, त्यामुळं रंकाळ्याच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. शेवटच्या रात्री डेव्हिड पुढं जाऊन गुडघे टेकून रडला होता. सोमवारपासून त्याच्या स्टेटसला पहाटे पाचला बायबलचं वचन, सहाला वचन, साडेसहाला ढगांतल्या उजेडासकट वचन.

"येशू आणि मी, बास! मधी कोण नको," तो म्हणाला. "ना पाळकसाहेब, ना कमिटी."

"आमचं घराणं मिशनरी वायल्डरसाहेबांच्या वेळचं," सुन्या म्हणाला. "१८५२ ला आले ते कोल्हापुरात. आम्हाला रडून दाखवायची गरज न्हाई."

"पणजोबांची ओळख पणजोबांसंगं गेली," मास्तर म्हणाले. "बायबलात मत्तय सात, तेवीस काढ. 'मला तुमची कधीच ओळख नव्हती.' कुणाचा पणतू म्हणून विचारत नाहीत तिथं."

डेव्हिड खूश. लगेच पंडिता रमाबाई काढल्या. बाप्तिस्मा १८८३ चा, पण तेव्हा धर्म मिळाला. खुद्द ख्रिस्त भेटायला पुढं आठ वर्षं गेली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

"बरोबर. आणि भेटल्यावर? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो पोरी वाचवून आणल्या. तू सोमवारी काय केलंस?"

"प्रार्थना. दीड तास!"

"पंधरा दिवसांत बंद पडंल."

मास्तर चेष्टा करत नव्हते. "पंधरा मिनिटं बस. जागा एक, वेळ एक, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मार्काच्या शुभवर्तमानापासनं धर, सोळाच अध्याय हाईत. रोज एक प्रसंग. अख्खा अध्याय नको. चौदाव्यात बहात्तर वचनं, दम लागतो. प्रसंग दोनदा वाच, येशू कुणाशी कसा बोलला एवढंच बघ, मग त्याच्याशी बोल. मागण्या शेवटी. पापकबुलीत 'सगळी पापं क्षमा कर' असं ठोक बोलू नको, नाव घेऊन सांग. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं नाही. माणूस तिथंच मोडतो. थकलेल्या हप्त्यागत वाटाय लागतं, आणि सावकाराला तोंड दाखवायला कोण जातंय?"

"आणि बसून काहीच वाटलं न्हाई तर?" सुन्यानं विचारलं. चहाचा कप हातातच राहिला होता.

"तर स्तोत्र तेरा. सहाच वचनं. 'कोठवर, कोठवर' म्हणतच सुरू होतंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, आणि तेही बायबलातच ठेवलंय की. तुला काही वाटलं नाही म्हणून तो उठून गेला असं नसतं, बाबा."

सुन्या पुढं बोलला नाही. मास्तरांचं मला पटतं. सभेतलं रडणं खोटं नसतं, पण तेवढ्यावरच नातं उभं केलं की माणूस पुढच्या सभेची वाट बघत बसतो, आणि मधले अकरा महिने प्रभू परका.

डेव्हिड मात्र हटेना. "तरीबी मास्तर, नातं माझं आणि त्याचं."

"प्रभूची प्रार्थना म्हण. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' 'आमची रोजची भाकर.' त्यात 'माझं' कुठं हाय, दाखव."

डेव्हिड बोटं मोडत, ओठ हलवत पुटपुटू लागला. 'आमची ऋणे'पाशी आला आणि अडकला.

"ऋणावरनं आठवलं," सुन्या उसळला. "माझी पेटी! नाताळच्या कॅरल फेरीला नेलीस ती. भाता फाटलाय म्हणं."

"दुरुस्तीला टाकायची हाय..."

"कुठाय आता?"

"पलंगाखाली."

"मत्तय पाच, तेवीस-चोवीस," मास्तर म्हणाले. "अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडं जा. दीड तासातला पाऊण तास तिकडं घाल."

"आणतो की! उद्या पहाटे पाचला आणतो."

"पाचला तुझं वचन असतंय," सुन्या म्हणाला. "सहालाबी असतंय. साडेसहाला ये. ढग नकोत, भात्यासकट ये."

चहावाल्याच्या हातातली किटलीसुद्धा हसण्यानं हिंदकळली.