ग्राहकाने संपर्क तोडला

काल रात्री मोबाईलवर कॉम्प्युटर सपोर्टचा मेसेज आला, माझ्या तक्रारीबद्दल (तिला ते तिकीट म्हणतात). 'तुमचे तिकीट बंद करण्यात आले आहे. कारण: ग्राहकाने संपर्क तोडला.'

मी तोडला. मी! चार दिवस फोनवरचं तेच ते टिंगटिंग संगीत ऐकून ज्याचा डावा कान शेकून निघाला, त्याने म्हणे संपर्क तोडला.

भानगड एका ओळीची आहे. माझ्या डेस्कटॉपला नेटची केबल लावली की साधारण चार मिनिटांत निळी स्क्रीन येते आणि मशीन रिस्टार्ट होतं. केबल काढली की दिवसभर मुकाट चालतं, हू नाही की चू नाही. मशीनला वायफाय नाही, कारण घेताना मीच शहाणपणा केला होता की एका जागी बसून राहणाऱ्या वस्तूला वायफाय कशाला.

आता असं काही झालं की माणूस आधी स्वतःचं डोकं चालवतो, तसं मीही चालवलं. केबल बदलली. राउटर बंद करून चालू केला. कॅबिनेट उघडून रॅम काढली आणि तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या, कारण कॉम्प्युटरला काहीही झालं तरी आपल्याकडे रॅम घासायचीच असते. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. तिथे लाल खूण करून 41 नंबरचा एरर लिहिलेला, मला वाटलं सापडला चोर. वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता रिस्टार्ट झालंय. अरे बाबा, मी समोरच बसलो होतो.

आणि ती निळी स्क्रीन. तिच्यावर तो आडवा पडलेला रडका चेहरा असतो ना, कोलन आणि कंसाचा, तो 2012 साली विंडोज 8 बरोबर आला. त्याआधी नुसते आकडे आणि इंग्रजी मजकूर असायचा, माणूस घाबरायचा पण निदान वाटायचं की काहीतरी गंभीर, मोठ्या माणसांचं चाललंय. आता माझं काम बुडतं आणि तोंड वाकडं करून बसतं ते मशीन, म्हणजे सांत्वनही मीच करायचं. 2016 पासून शेजारी क्यूआर कोडही आला. मी तो एकदा स्कॅन केला होता, त्यातून एका पानावर गेलो, तिथे निळी स्क्रीन म्हणजे काय ते समजावलं होतं. 2025 मध्ये ती स्क्रीन काळी करून तो चेहरा काढून टाकला म्हणे, पण माझं मशीन जुनं, माझ्याकडे तो अजून रडतोय. खाली टक्के असतात, माझ्याकडे ते बराच वेळ शून्यावर थांबतात आणि मग एकदम शंभर. मला ही पद्धत ओळखीची वाटली, मीही शाळेत अभ्यास असाच करायचो. असो.

शेवटी जिथून मशीन घेतलं त्यांच्या सपोर्टला फोन लावला. पलीकडे एक मुलगा. आवाज इतका गोड, इतका नम्र की त्याच्यावर चिडलं की आपणच वाईट ठरतो. फोन स्पीकरवर होता, कारण दोन्ही हात टेबलाखाली केबलशी खेळत होते, आणि शेजारी आई बसलेली. ही पहिली चूक.

"सर, मी तुमची काय मदत करू शकतो?"

सांगितलं. नेट लावलं की चार मिनिटांत क्रॅश. नेट काढलं की ठीक.

"समजलं सर. मी तुमची अडचण समजू शकतो. आपण एक करूया, मी रिमोटने तुमची स्क्रीन बघतो. तुम्ही प्लीज सिस्टीमला नेट लावा."

मी म्हटलं, "अहो, नेट लावलं की ते बंद पडतं."

"हो सर, तेच तर मला बघायचंय."

"पण बंद पडल्यावर तुम्हाला दिसणार कसं?"

दोन सेकंद शांतता. मला वाटलं, पोचलं. "सर, त्यासाठीच तुम्ही नेट चालू ठेवा."

आई म्हणाली, "अरे लाव ना, एवढं सांगतोय तो."

लावली केबल. रिमोटचं ॲप डाउनलोड व्हायला लागलं, अर्ध्यावर आलं आणि रडका चेहरा. मग मी हुशारी केली, ॲप मोबाईलवर उतरवलं, मोबाईल चार्जिंगच्या वायरने मशीनला जोडला, मोबाईलने विचारलं ही वायर कशासाठी लावलीय, मी 'फाइल ट्रान्सफर' दाबलं आणि ॲप आत घेतलं. या वाक्यात एक गोष्ट आहे जी मला तेव्हा दिसली नाही, ती पुढे येईल, तेव्हा मला हसू नका.

दुसरी फेरी. केबल लावली, घड्याळ लावलं. ॲपने नऊ आकडी नंबर दिला तो मी वाचून दाखवला. त्याने परत वाचला. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "सर, पुढे जाण्याआधी मी तुम्हाला काही सूचना वाचून दाखवतो." आणि वाचायला लागला. हे सेशन रेकॉर्ड होऊ शकतं, तुमच्या वैयक्तिक फायली उघडल्या असतील तर बंद करा, सेशनदरम्यान पासवर्ड सांगू नका, डेटाची जबाबदारी तुमची राहील. मी मधेच म्हटलं, अहो मान्य, सगळं मान्य, दोन मिनिटं गेली. तो म्हणाला, "सर, मला पूर्ण वाचावं लागतं," आणि मी मधे बोललो म्हणून तो परिच्छेद पहिल्यापासून. अखेर माझा माउस आपोआप हलला. भुताने हलवावा तसा. बाण हळूहळू डिव्हाइस मॅनेजरपर्यंत गेला, नेटवर्क ॲडॅप्टर्सची ओळ उघडली, राइट क्लिक झालं, आणि निळं.

"हॅलो सर? सर, तुम्ही निघून गेलात का?"

मी कुठे जाणार! मी तिथेच होतो, गुडघ्यांवर, टेबलाखाली.

मधल्या वेळात मी त्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर विंडोज चालू करायची सोय, साधाही असतो आणि नेटवर्किंगवालाही. साध्यात माझं मशीन तासभर चाललं, नेटवर्किंगवाल्यात चार मिनिटांत गेलं, म्हणजे दोष नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असणार, बरोबर ना? मला वाटलं तो खुश होईल. तो म्हणाला, "सर, सेफ मोडमध्ये सिस्टीम सेफच असते." मग म्हणाला, "आपण एकदा परत ट्राय करूया."

तिसऱ्या फेरीला सूचना परत वाचल्या, नवीन सेशन ना. मी तोंड दाबून बसलो. तीन मिनिटं संपत आली. हाताशी एक मिनिट उरलंय, हे मी त्याला सांगितलंय, त्याने "नक्कीच सर" म्हटलंय, आणि त्या एका मिनिटात या गृहस्थाने काय करावं? ब्राउझर उघडून स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर वर चढला. मशीन उताणं पडलं.

"सर, स्पीड तर छान येत होता तुमचा."

मी ओरडलो. मान्य करतो. आई म्हणाली, "तो किती शांतपणे बोलतोय बघ, तू का अंगावर जातोस त्याच्या? त्याची काय चूक?" आणि हे स्पीकरवर असल्याने तोही म्हणाला, "थँक यू आंटी." मग दोघं जरा बोलले. मी रिस्टार्टकडे बघत बसलो. आईने त्याला विचारलं, दिवसभर लोक असेच ओरडतात का रे? तो म्हणाला, सवय झाली आंटी. आता यावर मी काय बोलणार? खरं सांगायचं तर त्याचीही चूक नव्हतीच, त्याच्यापुढे कोणीतरी लिहून दिलेला कागद होता आणि त्या कागदात 'नेट लावल्यावरच बिघडणारं मशीन' हा रकाना नव्हता. पण मग तो कागद लिहिणारा कोण, आणि त्याला फोन लावायचा तर कुठला नंबर दाबायचा, हे ती यंत्रातली बाई कधी सांगत नाही. नऊ दाबा म्हणजे परत पहिल्यापासून.

शेवटी तो म्हणाला, "सर, तीन वेळा सेशन डिस्कनेक्ट झालंय तुमच्या बाजूने. त्यापुढे मला परवानगी नाही. तुमचं इंटरनेट व्यवस्थित झालं की आम्हाला कॉल करा."

आणि रात्री तो मेसेज.

रागाच्या भरात जे काम होतं ते प्रेमात होत नाही. केबल काढून मी क्रॅशच्या नोंदी शोधल्या, विंडोजच्या फोल्डरात मिनीडम्प नावाचा एक फोल्डर असतो, त्यात प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक छोटी फाइल पडते. माझ्याकडे एकोणीस. सगळ्यांवर तोच कोड, 0x000000D1, आणि सगळ्यांत नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरचं नाव. या कोडचा अर्थ साधारण असा की ड्रायव्हरने घाईच्या कामात असताना मेमरीत जिथे हात घालायला नको तिथे घातला. एखादा साधा प्रोग्रॅम असं वागला तर तो एकटा बंद पडतो, पण ड्रायव्हर बसतो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, त्यामुळे पुढे डेटाची नासाडी नको म्हणून अख्खी सिस्टीमच थांबते. नाटकात मागे उभ्या भालदाराची मिशी गळाली म्हणून पडदा पाडून प्रेक्षकांना घरी पाठवावं, तसं. तारीख बघितली तर हा ड्रायव्हर अपडेटबरोबर आपणहून आलेला, क्रॅश सुरू झाले त्याच्या आदल्या दिवशी. 'रोल बॅक ड्रायव्हर'चं बटण होतं, पण राखाडी, दाबलंच जाईना, कारण मागचा ड्रायव्हर ठेवलेलाच नाही.

तर जुना ड्रायव्हर उतरवायचा. त्याला नेट हवं. परत मोबाईलवर उतरवू म्हणून मोबाईल वायरने जोडला, परत तोच प्रश्न आला, ही वायर कशासाठी, मी सवयीने 'फाइल ट्रान्सफर' दाबणार तेवढ्यात त्याच्या खालची ओळ वाचली. 'यूएसबी टेदरिंग'. म्हणजे मोबाईलचं नेट त्याच वायरने मशीनला, दुसऱ्याच ड्रायव्हरने, त्या बिघडलेल्या कार्डाला हातही न लावता. संध्याकाळी हीच ओळ माझ्या अंगठ्याच्या अर्धा सेंटीमीटर खाली होती. मला दिसली नाही, आणि ज्याला पगार मिळतो त्याला सुचली नाही. हसलात ना?

कार्ड डिसेबल केलं, टेदरिंग लावलं. चार मिनिटं झाली, दहा झाली, काही नाही. जुना ड्रायव्हर टाकला, केबल परत लावली, आज दुपारपर्यंत एकदाही निळं झालेलं नाही.

पण तो शेरा डोक्यातून जाईना. म्हणून जेवण झाल्यावर परत फोन लावला. या वेळी एक मुलगी.

"सर, तुमचा प्रॉब्लेम सुटला ना? मग काय मदत करू?"

म्हटलं, तिकिटावर लिहिलंय ग्राहकाने संपर्क तोडला, ते बदला. मी तोडला नाही.

"सर, बंद झालेल्या तिकिटातला शेरा बदलता येत नाही. त्यासाठी नवीन तिकीट काढावं लागेल. काढू का?"

"काढा."

"प्रॉब्लेम काय लिहू सर?"

"लिहा, मी संपर्क तोडला नव्हता."

कीबोर्डचा आवाज आला. मग थांबला.

"सर, हे नेटवर्कमध्ये टाकू की हार्डवेअरमध्ये?"