काजाला हिटर बंद पडला, त्या २ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, सकाळी वर्कशॉपमधल्या पोरांना पण वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की आम्ही बनवून दिलेल्या कँपर गाडीतला (आत झोपायची सोय असलेली गाडी) डिझेलचा हिटर हिमाचलच्या स्पितीत, काजाला रात्रीत तीनदा बंद पडला, पांढरा धूर आला, सकाळी बॅटरी पण खाली, आई रात्रभर थंडीने जाग्या होत्या. आणि गॅसचा हिटर मागितला होता तो आम्ही दिला नाही, सोलापूरवाल्यांना थंडीतलं काय कळतं. आईंना त्रास झाला त्याबद्दल पहिलं मनापासून सॉरी, म्हातारं माणूस गाडीत कुडकुडत बसलं हे वाचून खरंच वाईट वाटलं.

आता आमची चूक सांगतो. डिझेल हिटर आतल्या आत डिझेल जाळतो, त्याला जळायला हवा लागते. सोलापूर ४५० मीटरवर, काजा साधारण ३६०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच राहतो. पंप मात्र इथल्यासारखंच डिझेल ढकलत राहतो, म्हणजे डिझेल जास्त हवा कमी, मग काजळी धरते, नीट पेट घेत नाही आणि न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरातून बाहेर पडतं. यासाठी कंट्रोलरमध्ये उंचीचं सेटिंग असतं, त्याने पंपाची टिकटिक कमी होते, म्हणजे डिझेल कमी जातं. ते आम्ही डिलिव्हरीच्या वेळी करून दाखवायला पाहिजे होतं, तुम्ही स्पितीला जाणार हे आम्हाला माहीत होतं, तरी राहिलं. ही चूक आमची.

बॅटरीचं पण तसंच. चालू झाल्यावर हा हिटर एक ते तीन अँपिअर खातो, फक्त पेटताना काही मिनिटं ग्लो प्लगला (डिझेल पेटवणारी तापणारी कांडी) आठ-दहा अँपिअर लागतात, तेवढ्याने २०० एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी संपत नाही. तुम्ही पाठवलेल्या बॅटरी मॉनिटरच्या फोटोवरून दिसतंय की आदल्या दोन दिवसांत चार्जिंगच झालेलं नाही. लिथियम बॅटरी शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून तिचं बीएमएसच (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) चार्जिंग बंद करतं, मग सोलर असू दे नाहीतर गाडी चालू असू दे. आणि आम्ही ती मागच्या बाहेरच्या बॉक्समध्ये बसवली, ती आत सीटखाली उबेत पाहिजे होती. त्यात फ्रिज चालू, व्होल्टेज खाली आलं की हिटर एरर देऊन बंद. म्हणजे तुमची रात्र आमच्या दोन चुकांनी मिळून खराब केली.

पण गॅसचा हिटर दिला नाही ते चुकलं असं मी म्हणणार नाही सर. तुमच्या मित्राच्या गाडीत मस्त चालतो म्हणता, ते महाबळेश्वरला. काजाची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन मिक्स असतं, प्रोपेनची उणे ४२ ला पण वाफ होते, ब्युटेनचं मात्र शून्याच्या आसपास जवळजवळ थांबतं, म्हणजे जेव्हा हिटर लागतो तेव्हाच सिलिंडर गार पडतो. युरोपात ट्रुमासारख्या कंपन्यांचे गॅस हिटर मोटरहोममध्ये सर्रास असतात आणि ते चांगलेच आहेत, त्यांचा धूर पाइपने बाहेर जातो आणि तिथे हिवाळ्यात प्रोपेन मिळतो. पण तुम्ही फोटो पाठवला होता तो समोर जाळी लाल होणारा, घरगुती सिलिंडरवरचा, त्याचा सगळा धूर तुमच्याच केबिनमध्ये. बंद गाडीत तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळत पण नाही. शेगडी पेटवून खोली बंद करून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. आई झोपणार त्या गाडीत मी तो बसवणार नाही, कितीही पैसे दिले तरी नाही.

विजेचा हिटर का नाही हे पण विचारलं होतं. १५०० वॅटचा हिटर इन्व्हर्टरवर १२५ अँपिअरच्या वर ओढतो, तुमची पूर्ण भरलेली बॅटरी जेमतेम दीड तास टिकेल. कँपसाइटवर लाइट असेल तिथे बिनधास्त वापरा. डिझेलवाला तासाला पाव लिटरच्या आतबाहेर खातो, गाडीच्या टाकीतूनच घेतो, रात्रभर ऊब देतो. म्हणून तोच दिला.

आणि सोलापूरचं म्हणाल तर, उन्हाळ्यात आमचा पारा ४२-४३ ला जातो हे खरंय, पण गाडीच्या पत्र्याला आतून फोम लावायचं काम आम्ही त्या उन्हाच्या भीतीनेच शिकलो आणि तोच फोम थंडीत पण ऊब धरतो. हिवाळ्यात चादर किती लागते ते तर सोलापूरच्या माणसाला नक्कीच कळतं.

गाडी इथली जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की घेऊन या, आम्ही हिटर खोलून काजळी साफ करतो, उंचीचा सेन्सर बसवतो, बॅटरी आत घेतो, कशाचेच पैसे घेणार नाही. तोपर्यंत दोन गोष्टी पाळा. हिटर बटणानेच बंद करा, मेन स्विच एकदम पाडू नका, आतला फॅन थंड होईपर्यंत चालू द्या. आणि सारखा बारीक ठेवू नका, दिवसातून पंधरा-वीस मिनिटं फुल चालवा म्हणजे काजळी जळून जाते. आईंना नमस्कार सांगा, येताना त्यांना पण आणा, त्यांची झोपायची बाजू कुठली ते बघून गरम हवेचा पाइप तिकडे वळवून देतो.