९.४ टक्क्यांच्या आकड्याविषयी खुलासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील ९.४ टक्के विवाहित महिलांची कुटुंबनियोजनाची गरज अपूर्ण आहे. त्यावरून ‘एवढ्या महिलांना गर्भनिरोधके मिळतच नाहीत’ असा जो संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरत आहे, तो चुकीचा आहे. मूल नको, किंवा निदान दोन वर्षे नको असूनही साधन न वापरणाऱ्या महिला या आकड्यात मुख्यतः मोजल्या जातात. न वापरण्याचे कारण त्यात येत नाही. अडथळे मोजायचे तर दुष्परिणामांची भीती, घरच्यांचा विरोध, आरोग्य केंद्राचे अंतर यांविषयी स्वतंत्रपणे, आणि शक्यतो सासूबाई ओटीवर बसलेल्या नसताना, विचारावे लागते. नवरा चाकरमानी, गणपती-शिमग्यालाच घरी येणारा असेल, तर ‘एरवी गरजच काय?’ हेही उत्तर मिळते. अशा घरी आशाताईंनी गोळ्यांची आणखी पाकिटे पोचवून आकडा हलणार नाही.